सत्तावीस एप्रिलचा कुरव

२ जुलै

भाऊजी,

नमस्कार. पत्राच्या वरती तो घालायचा असतो म्हणून घातला आहे, त्यातून भलता अर्थ काढू नका.

तुमचं पत्र पोचलं. अक्षर तेवढं अजून सुंदर आहे. कुरवांच्या, म्हणजे त्या समुद्रपक्ष्यांच्या, तुमच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे, तिच्यासाठी ह्यांनी काढलेले फोटो हवेत, आणि पहिल्या पानावर तुम्ही 'प्रिय दादास' अशी अर्पणपत्रिका घालणार आहात. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं. आता टपालानं घरी आलं.

फोटो मिळणार नाहीत. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली आणि ते सगळे आता माझे आहेत. बंदरावरच्या प्रत्येक कुरवाचा प्रत्येक वयातला फोटो त्यांत आहे. ते नसले तर तुमच्या पुस्तकात नुसता मजकूर उरेल, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही.

पहिल्या आवृत्तीचं शेवटचं पान काढून बघा. 'अग्राह्य नोंदी' असं त्यावर लिहिलंय. खाली ह्यांचं पूर्ण नाव, 'काळ्या पाठीचा कुरव, बंदराचा धक्का, २७ एप्रिल', आणि पुढे तुमचे दोन शब्द, 'तारीख संशयास्पद'. पुस्तकाच्या पहिल्या पानावर दादा प्रिय आणि शेवटच्या पानावर दादा खोटारडा, अशी सोय केली आहेत तुम्ही.

आणि ते पान परवडलं असतं. पण तुम्ही तुमच्या पक्षीनोंदींच्या समितीचं बुलेटिन घेऊन आमच्या घरी आलात, जेवणाच्या टेबलाशी बसलात आणि आईंसमोर म्हणालात, "दादा, तारीख बदललीस तू. नाव छापून यायचं होतं तर मला सांगायचं, मी छापलं असतं." ह्यांनी आईंकडे बघून विचारलं, "आई, तुला काय वाटतं?" तुम्ही रागानं खुर्ची मागे सारून उठला होतात, आणि आई म्हणाल्या, "तो संग्रहालयात हेच काम करतो. तो म्हणतो तर असेल."

त्या दिवशी कॅमेरा कपाटात गेला. तो ह्यांनी पुन्हा काढला नाही.

मला हवंय ते साधं आहे. तुम्ही इथे या, त्याच टेबलाशी बसा आणि आईंना तुमच्या तोंडानं सांगा की दादा खोटं बोलला नव्हता. त्यांची नजर गेलीच आहे, वाचून दाखवलेलं त्यांना पटत नाही, आणि ऐकूही किती दिवस येईल सांगता येत नाही. मी सांगून झालं. "तू बायको आहेस, तू म्हणणारच," म्हणतात.

कळावे. लोभ असला नसला तरी टपालखातं पत्र पोचवतं.

तुमची वहिनी


१९ जुलै

भाऊजी,

"विज्ञानात नाती आणायची नसतात, वहिनी. पिसं खोटं बोलत नाहीत." वा. भिंतीवर लावण्यासारखं वाक्य आहे. नाती आणायची नव्हती तर तो निकाल आईच्या टेबलावर कशाला वाढलात?

तुमची बाजू मी नीट समजून घेतली आहे, म्हणजे भांडायला बरं पडतं. मोठे कुरव वर्षातून एकदा, पिल्लं वाढवून झाली की, पंखांची पिसं बदलतात. आतल्या बाजूनं सुरुवात होते आणि टोकाची पिसं सर्वात शेवटी येतात. आपल्याकडे येणारे काळ्या पाठीचे कुरव हे काम ऑक्टोबरच्या सुमाराला संपवत आणतात आणि एप्रिल लागला की निघून जातात. ह्यांच्या फोटोत टोकाची दोन पिसं अर्धीच वाढलेली आहेत. म्हणजे फोटो ऑक्टोबरातला, म्हणजे सत्तावीस एप्रिल खोटं, म्हणजे माणूस खोटा. शितावरून भाताची परीक्षा करतात. तुम्ही पिसावरून सख्ख्या भावाची केलीत.

आता माझी बाजू. ती तुम्ही तेव्हा ऐकून घेतली नव्हती, 'बायकोची साक्ष धरता येत नाही' म्हणून.

त्या सत्तावीस एप्रिलला माझ्या मनगटाचं प्लास्टर कापायचं होतं. हे मला न्यायला येणार होते. मी हॉस्पिटलच्या बाकावर सुटलेला हात मांडीवर घेऊन बसले होते, पांढरा पडलेला, सोलल्यासारखा. शेजारच्या दोन बायकांचे नवरे येऊन त्यांना घेऊनही गेले. हे आले ते दुपार टळल्यावर, बुटांना मासळीचा वास, आणि हाताचं विचारायच्या आधी म्हणाले, "अगं, धक्क्यावर एक कुरव होता, साहेबासारखा चालत होता, इन्स्पेक्शनला आल्यासारखा. त्याचं नावच इन्स्पेक्टर ठेवलं मी." आणि कॅमेरा माझ्या नाकाशी धरला. मी बघितलं नाही. रिक्षात एक शब्द बोलले नाही. आठवडाभर बोलले नाही. भाऊजी, नवऱ्यावर ज्या दिवशी एवढं चिडलं त्या दिवसाची तारीख बाई विसरत नाही.

हे क्रेनचे इंजिनीअर होते. दोरखंड तपासल्याची तारीख चुकीची पडली तर खाली माणूस मरतो, असं ते उठता-बसता म्हणायचे. फ्रीजमधल्या औषधाच्या बाटलीवरसुद्धा ती कधी उघडली हे लिहून चिकटवायचे. त्या माणसानं नाव छापून यावं म्हणून तारीख बदलली, असं तुम्हाला वाटलं. एका घरात लहानाचे मोठे होऊन हे ओळखलंत तुम्ही.

वहिनी


८ ऑगस्ट

भाऊजी,

पुस्तकाची कच्ची पानं पाठवलीत. 'वहिनी, बघा तरी किती सुंदर होतंय.' साखर पेरायला तुम्ही घरात पहिल्यापासून हुशार. लहानपणी फुलदाणी फोडून दादाचं नाव सांगायचात आणि वर आईच्या कुशीत जाऊन बसायचात, हे मला आईंनीच कौतुकानं सांगितलेलं आहे.

पानं परत पाठवते आहे. मला कावळा आणि कुरव यांतला फरक कळत नाही असं तुम्ही एकदा सगळ्यांदेखत म्हणाला होतात, त्यामुळे माझ्या शेऱ्यांना किंमत देऊ नका. पण 'पहिल्या हिवाळ्यातलं पिल्लू' म्हणून जो फोटो टाकलाय ते दुसऱ्या हिवाळ्यातलं आहे. पहिल्या हिवाळ्यात डोळा काळा असतो आणि चोच जवळजवळ सगळी काळी. ह्याचा डोळा फिकट व्हायला लागलाय, चोच मुळाशी गुलाबी आहे आणि पाठीवर तपकिरीतून गडद पिसं डोकावताहेत. चार वर्षं लागतात त्यांना पुरता पोशाख चढायला, हे तुमच्याच पान सातवर आहे. स्वतःचं पुस्तक वाचत जा.

मला कसं कळलं ते विचारू नका. सकाळी पाय मोकळे करायला धक्क्यापर्यंत जाते, एवढंच. ह्यांचा कॅमेरा बरोबर असतो, कारण कपाटात ठेवला तर भिंगाला बुरशी धरते. काल मासळीच्या लिलावापाशी एक बाई मला म्हणाली, "तुमचे ते पण इथंच उभे राहायचे, ह्याच खांबाला टेकून. मधे येऊ नका, आमच्या टोपल्या जाऊ देत!" मी बाजूला झाले.

आईंचं विचारलंत. तब्येत बरी आहे. डोळ्यांत औषध मी घालते, पूर्वी हे घालायचे. हे अगदी शेवटपर्यंत त्यांची नखं कापायचे, चहा गाळून आणायचे, बशीत ओतून द्यायचे. एक शब्द वेडावाकडा बोलले नाहीत. आणि हल्ली मी हा विषय काढला की आई कानातलं यंत्र काढून उशीखाली ठेवतात. तुमचा फोन आला की मात्र चाचपून पुन्हा लावतात.

तुम्ही कधी येताय ते पत्रात कुठे दिसलं नाही. चष्मा लावून दोनदा बघितलं.

वहिनी


३० ऑगस्ट

भाऊजी,

आज नमस्कार मनापासून घालते आहे, कारण तुमची मान माझ्या हातात आली आहे.

शाळेच्या पहिल्या चाचणीचे भूगोलाचे पेपर तपासत होते. प्रश्न होता, 'डिसेंबर महिन्यात जगात कोणता ऋतू असतो, ते सकारण लिहा.' एका पोरानं लिहिलं, 'डिसेंबरमध्ये सगळीकडे हिवाळा असतो, कारण तेव्हा थंडी असते.' मी शून्य दिलं, शेरा लिहिला, 'आपल्या अंगणातून सगळं जग मोजू नये.' पुढचा पेपर घेतला आणि हात तिथेच थांबला.

त्या पोराला मी शून्य दिलं. त्याच उत्तराला तुम्हाला डॉक्टरेट मिळाली आहे.

पिसं खोटं बोलत नाहीत ना? कबूल. हेही खोटं बोलत नव्हते. मग अर्धी वाढलेली पिसं आणि सत्तावीस एप्रिल, दोन्ही खरं कधी असेल? पक्षी जर अशा ठिकाणचा असेल जिथे आपल्या उलटे ऋतू आहेत, तर. दक्षिण गोलार्धात पिल्लं डिसेंबरात वाढतात. त्यानंतर पिसं बदलायला लागली तर टोकापर्यंत यायला एप्रिलच उजाडणार. आणि दक्षिणेकडेही काळ्या पाठीचा कुरव आहे. तुमच्याच पुस्तकात आहे, शेवटून दुसऱ्या प्रकरणात, 'आपल्याकडे येण्याची शक्यता नाही' असं म्हणून अर्ध्या पानात उरकलेला.

ते अर्धं पान उघडा आणि इन्स्पेक्टरचा फोटो शेजारी ठेवा. चोच जाड, टोकाला बोथट. पाय झगझगीत पिवळे नाहीत, हिरवट मळके आहेत. पंखाच्या टोकाला पांढरा ठिपका एकच. डोकं स्वच्छ पांढरं, ऑक्टोबरात आपल्याकडच्या कुरवांच्या डोक्यावर जे करडे फराटे असतात ते नाहीत. हे सगळं तुम्हाला तेव्हाही दिसलं होतं. तुमचा शेरा माझ्याकडे आहे. पायांचा रंग म्हणे कॅमेऱ्यानं बिघडवला, डोकं उन्हानं पांढरं केलं आणि चोच कोनामुळे जाड दिसली. जे तुमच्या म्हणण्याला जुळलं तो पुरावा, जे जुळलं नाही ती कॅमेऱ्याची चूक. आणि तरीही तारीख बसेना तेव्हा माणसाची चूक. पक्षी परका असेल, हे तुम्हाला सुचलं नाही. भाऊ खोटा असेल, हे लगेच सुचलं.

ह्यांनाही तो कोणता कुरव ते कळलं नव्हतं, हे मी मान्य करते. ते त्याला साधा काळ्या पाठीचाच समजत होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मी ह्याला आज बघितला.

वहिनी


२१ सप्टेंबर

भाऊजी,

'तर्क रंजक आहे, पण स्वतंत्र मताशिवाय समितीसमोर ठेवता येणार नाही.' बरं.

तुमची समिती मत घेताना फोटो काढणाऱ्याचं नाव झाकून फोटो फिरवते ना? मी तुमच्या पुढे एक पाऊल गेले. नाव झाकलं, गावही झाकलं आणि तारीखही. मागचे खांब कापून टाकले. नुसता पक्षी दक्षिण गोलार्धातल्या एका पक्षीगणनेवाल्या बाईंना पाठवला. पत्ता तुमच्याच पुस्तकाच्या आभारांतून घेतला. 'हा कुरव कोणता, वय काय आणि महिना कोणता असावा?' इतकंच विचारलं.

त्यांचं उत्तर सोबत आहे, पण तुम्ही ते नीट वाचणार नाही म्हणून मीच सांगते. 'हा आमचा नेहमीचा काळ्या पाठीचा कुरव, पूर्ण वाढलेला. टोकाची पिसं येताहेत म्हणजे एप्रिल, फार तर मेची सुरुवात. पण हे विचारलंत कशाला? आमच्याकडे असे शेकड्यानं आहेत, माझ्या घराच्या पत्र्यावर आत्ता दोन भांडताहेत.'

वाचून मी दाराशी तशीच उभी राहिले. ज्याच्यापायी माझं घर गप्प झालं, तो पक्षी कुणाच्या तरी पत्र्यावर भांडत असतो.

आता या.

वहिनी


९ ऑक्टोबर

भाऊजी,

तुमचं पत्र आलं, आणि तुम्हाला बदलायला किती कमी वेळ लागतो ते बघून धन्य झाले. 'देशातली पहिली नोंद! वहिनी, ही ऐतिहासिक गोष्ट आहे!' समितीनं एकमतानं मान्य केली, संशयाचा शेरा काढला, चांगलं झालं. पुढे तुम्ही लिहिता, लेख दोघांच्या नावे करू, आधी तुमचं नाव आणि मग 'कै.' लावून दादाचं, कारण 'ओळख पटवणं हेही योगदान असतं.' असतं ना. पण ओळख पटवली एका भूगोलाच्या मास्तरणीनं आणि पत्र्यावरच्या बाईंनी. तुमचं योगदान काय होतं ते शेवटच्या पानावर छापलेलं आहे.

आणि रविवारी तुम्ही आईंना फोन केलात. मी शेजारीच होते. हवेचं बोललात, गुडघ्यांचं बोललात, जाऊबाईंच्या नव्या चष्म्याचं बोललात. "दादाची एक चांगली बातमी आहे, मग सांगतो," म्हणालात. मग म्हणजे कधी? बुलेटिन त्यांना दिसत नाही. बातमी नको आहे मला. तुम्ही त्या दिवशी काय बोललात आणि ते चूक होतं, एवढं वाक्य हवं आहे. फोनवर नाही. समोर बसून बोलला होतात, समोर बसूनच परत घ्या.

ते झालं की सगळे फोटो तुमचे. एक पैसा नको, अर्पणपत्रिकाही नको. आणि नाही आलात तर मी ते धक्क्यावरच्या लिलाववाल्या बायकांना वाटून टाकीन, मासळी गुंडाळायला. मी बोलते ते करते हे तुमच्या दादांना ठाऊक होतं, त्यांच्याशी आठवडाभर बोलले नव्हते मी.

वहिनी


२ नोव्हेंबर

भाऊजी,

फोटोंचं खोकं आज पाठवलं आहे. ठरलं होतं तसं. इन्स्पेक्टरचा सगळ्यात वर आहे. खाली फक्त ह्यांचं नाव आणि तारीख छापा.

तुम्ही आलात, हे मला कबूल करावं लागेल. दारात उभे राहिलात तेव्हा एवढे ह्यांच्यासारखे दिसलात की मी चहा टाकायला आत निघून गेले. तुम्हाला वाटलं असेल, वहिनी तोंडही दाखवत नाही.

त्या टेबलाशी बसून तुम्ही बोललात तेही नीट बोललात. आडवळणं घेतली नाहीत. "आई, दादानं तारीख बदलली नव्हती. तो खरं बोलत होता. चूक माझी होती." मी दारात ट्रे घेऊन उभी होते. मी वाट बघत होते की आई रडतील, किंवा तुम्हाला बोलतील, किंवा निदान ह्यांच्या फोटोकडे तोंड करतील.

आणि आई म्हणाल्या, "मला माहीत होतं रे."

तुम्ही विचारलंत, "काय माहीत होतं?"

"तो खोटं बोलत नाही हे मला कुणी सांगायला पाहिजे का? मी जन्म दिलाय त्याला. पण तू रागावून निघाला होतास. तो कुठे जाणार होता? तो इथंच होता, माझ्यापाशी. तू गेला असतास तर परत आला नसतास." आणि लगेच, "जेवून जाणार ना?"

तुम्ही त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडलात. त्या तुमच्या केसांतून हात फिरवत होत्या. मी ट्रे टेबलावर ठेवला. चहा कुणी घेतला नाही, मीच मोरीत ओतून टाकला.

भाऊजी, इतके महिने मी तुमच्यावर जे जे लिहिलं त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण तुम्हाला खरंच चुकीचं दिसलं होतं. तुम्ही मूर्ख होतात, घमेंडखोर होतात, पण तुमचा त्यावर विश्वास होता. आईंचा नव्हता. त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी जवळचा मुलगा खर्ची घातला, लांबचा टिकावा म्हणून. आणि त्या जवळच्या मुलानं शेवटपर्यंत त्यांची नखं कापली.

आता माझं भांडण ज्यांच्याशी आहे त्या पलीकडच्या खोलीत आहेत. त्यांना पत्र कसं पाठवू? सकाळी डोळ्यांत औषध घालते, दुपारी जेवण वाढते. तुम्ही गेल्यापासून मला त्यांना एकच गोष्ट विचारायची आहे. दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा यंत्र उशीखाली गेलं. म्हणाल्या, बॅटरी संपली आहे. बॅटरी मीच नवी घातली होती.

तुमच्यासाठी त्या यंत्र लावतात. म्हणून तुम्ही विचारा. मी घरात नसताना फोन करा, सकाळी मी धक्क्यावर असते तेव्हा. एवढंच विचारा की हे दादाला कधी सांगितलं होतंस का? नखं कापताना, चहा घेताना, मी बाहेर असताना, एकदा तरी?

उत्तर 'हो' आलं तर मला लगेच कळवा.

आणि 'नाही' आलं, तरी 'हो' म्हणूनच कळवा. जन्मात एकदा खोटी नोंद करा माझ्यासाठी. मी तारीख विचारणार नाही.

वहिनी